एक कट्टा, वर सात किलो

नागपूर ते चेन्नई, पहाटे.
चेन्नईत साडेतीन तास थांबा.
मग दुसरं विमान, सगळं पाण्यावरून, अंदमान.
मी स्क्रीनवर बोट फिरवत सांगतो.
रेवंताबाई मारबते माझ्या खुर्चीची पाठ धरून उभ्या,
मागे मच्छीमार संस्थेच्या पाच जणी,
आणि सातबाऱ्यासाठी आलेला एक माणूस
आपला नंबर विसरून ऐकत बसलेला.

"साडेतीन घंटे? मंग शिदोरी पायजे."
"विमानतळावर मिळते सगळं."
"कितीले?"
मी चहाचा भाव सांगितला.
शिदोरी पक्की झाली.

तिसऱ्या दिवशी लहान विमान,
नऊ बेटांवरून एक फेरी, चाळीस मिनिटं.
डावीकडच्यांना जंगल दिसेल, उजवीकडच्यांना प्रवाळ.
"प्रवाळ म्हंजे?"
"पवळं."
"आंगठीतलं?"
"तेच. पण जित्तं."
आता उजवीकडे कोणी बसायचं,
यावर अर्धा तास गेला.

फॉर्मात एक रकाना होता :
प्रत्येक प्रवाशाचं वजन, सामानासकट.
तिथे सगळ्या गप्प.
शेवटचं वजन दवाखान्यात झालेलं,
पोटात लेकरू असताना,
तेही नर्सबाईनं कार्डावर लिहिलं, सांगितलं कुठे.

मग आम्ही धान खरेदी केंद्रावर गेलो.
काट्यावरच्या परसरामनं पोती बाजूला सारली.
रेवंताबाई गाठोडं घेऊन चढल्या :
एक कट्टा, वर सात किलो.
फुलवंता दीड कट्टा भरली आणि कोणाकडे पाहिलं नाही.
सायत्रा नान्हे कट्ट्यालाही कमी,
तिला चप्पल घालून पुन्हा चढवलं.
"ओलाव्याची घट किती धरू?" परसराम म्हणाला,
आणि स्वतःच इतका हसला की काटा हलला.

तारखेचं जमेना.
पावसाळ्यात इकडे रोवणी, तिकडे समुद्र उधाणलेला.
दिवाळीनंतर मंडई, घरात पाहुणे,
मग कापणी, मग चुरणा.
फेब्रुवारीत फुलवंताच्या पोरीचं लग्न.
एप्रिलात तलाव आटतो, मासोळी निघते,
तेव्हा तर देवही बोलावो.
उरले मार्चचे अकरा दिवस.
त्यातले चार मोहफुलांनी नेले.

सात दिवस, मग.

मी त्यांना बेटं वरून दाखवली.
हिरवे ठिपके, भोवती फिकी किनार, मग गडद निळं.
सायत्रा म्हणाली, "आपलं गाव दिसते का यात?"
नकाशा ओढत ओढत आणला.
निळं संपलं, कितीतरी वेळ नुसती माती,
आणि मग निळेच, बारके, विखुरलेले.
"हे काय होय?"
"बोड्या. तलाव. आपले."
सगळ्यांची डोकी स्क्रीनला टेकली.
"हा आपला. हा कवठ्याचा.
हा लिलावात गेला तो."
त्या तलावावर रेवंताबाईंनी बोट जरा जास्त वेळ ठेवलं.
"इथून नाई उडत का ते लहान इमान?" फुलवंता म्हणाली,
"सस्त्यात पडलं असतं."

रक्कम भरायची वेळ आली तर ओटीपी येईना.
आमच्याकडे रेंज फक्त तलावाच्या पाळीवर.
तेव्हा मी लॅपटॉप काखेत घेऊन पुढे,
मागे सहा जणी, त्यांच्या मागे सातबारावाला.
जाळी वाळत घातलेली, त्यांच्यामधून वाट काढत
आम्ही येनाच्या झाडाखाली थांबलो.
तीन हंगामांचे पैसे
सहा आकड्यांची वाट पाहत.

नियमानं मी विचारलं, कारण विचारावं लागतं :
"हे तिकीट परत होत नाही. कळलं ना?"
"परत होत नाई म्हंजे?"
"म्हणजे पैसे वापस मिळत नाहीत. जावंच लागते."
रेवंताबाईंनी पाचही जणींकडे पाहिलं,
मग पाण्याकडे.
"मंग हेच बरं हाय.
वापस मिळत असते
तं घरच्यायनं मागतले असते."

फोन वाजला. मी आकडे टाकले.